तेच नऊ अणू: एक टाकीत, एक सिलिंडरमध्ये

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांची जुनी स्कूटर तीन आठवडे उघड्यावर उभी राहिली आणि नंतर काही केल्या चालू होईना. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने टाकीच्या तळाचे इंधन पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत काढले आणि बाटली उजेडात धरली, तेव्हा आत दोन थर स्पष्ट दिसले: वर रंगीत पेट्रोल आणि तळाशी बोटभर जाडीचा, जवळजवळ रंगहीन द्रव. ‘‘पाणी शिरलंय,’’ असे गॅरेजवाल्याचे निदान होते. ‘‘पाणी नाही हो, इथेनॉल वेगळं पडलंय,’’ असे शेजाऱ्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या एका चित्रफितीच्या आधारे सांगितले. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी अनेक वर्षे गेली असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. तळाशी पाणीही होते आणि इथेनॉलही होते, म्हणजे दोघांचेही म्हणणे निम्मे बरोबर होते. परंतु पेट्रोलमध्ये मुरलेले इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या मागे का गेले, हे दोघांनाही सांगता येत नव्हते.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल आणि ८० टक्के पेट्रोल यांचे मिश्रण. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची विक्री देशातील निवडक पंपांवर सुरू झाली, २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी या धोरणाविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. धोरण योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. गाडीचे ॲव्हरेज का घटते, रबराच्या नळ्या का फुगतात, पाण्याची एवढी भीती का बाळगायची, हे जे प्रश्न पंपावर आणि गॅरेजमध्ये रोज ऐकू येतात, त्यांची उत्तरे इथेनॉलच्या रेणूच्या घडणीत आहेत आणि ती घडण समजण्यास दहावीच्या पुस्तकाहून फारसे अधिक ज्ञान लागत नाही.

योगायोग असा की, इथेनॉलचा एक सख्खा भाऊही पुण्यातच चर्चेत आहे. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या बोलीतील एनसीएलमध्ये, डायमिथाइल ईथर हा वायू तयार करण्याचा आणि तो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळून वापरण्याचा उद्योग काही वर्षे चालू आहे. या वायूला पुढे डीएमई म्हणू. इथेनॉल आणि डीएमई यांच्या रेणूंत अगदी तेच अणू, अगदी तितकेच आहेत. तरीही एक पंपावरून टाकीत ओतला जातो आणि दुसरा दाबाखाली सिलिंडरमध्ये कोंडावा लागतो.

मका आणि काम

अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अणू एकमेकांना जोडले जाऊन होतो तो रेणू. इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ असे नऊ अणू असतात. डीएमईच्या रेणूतही कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १. दोन्ही रेणूंचे वजन सारखे, दोन्हींतील कार्बनचे प्रमाण सारखे. केवळ अणू मोजणाऱ्या माणसाला हे दोन पदार्थ वेगळे ओळखताच येणार नाहीत.

फरक जोडणीत आहे. कार्बनचा अणू चार जोडण्या करतो, ऑक्सिजनचा दोन आणि हायड्रोजनचा एकच. हा नियम पाळून हे नऊ अणू दोनच प्रकारे जोडता येतात. पहिल्या प्रकारात दोन कार्बन एकमेकांना जोडलेले असतात, त्यांपैकी एकाला ऑक्सिजन आणि त्या ऑक्सिजनच्या दुसऱ्या बाजूला एक हायड्रोजन असतो, हे इथेनॉल. दुसऱ्या प्रकारात ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसतो आणि सहाही हायड्रोजन कार्बनांकडेच राहतात; हा डीएमई. ‘मका’ आणि ‘काम’ या शब्दांत अक्षरे तीच आहेत, परंतु क्रम बदलताच एक शेतात उगवतो आणि दुसरे कचेरीत साठते. (इथेनॉल आता मक्यापासूनही बनते, त्यामुळे हे उदाहरण मला विशेष आवडते.)

असे तेच अणू आणि निराळी जोडणी असलेले पदार्थ एकमेकांचे समघटक म्हणवले जातात. ही कल्पना आज शाळेत शिकवली जाते. पण दोनशे वर्षांपूर्वी ती स्वीकारणे थोर रसायनशास्त्रज्ञांनाही जड गेले होते. १८२० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग एका स्फोटक चांदीच्या क्षाराचा अभ्यास करत होते आणि त्यांचेच देशबांधव व्होलर एका अगदी निरुपद्रवी चांदीच्या क्षाराचा. दोघांच्या पृथक्करणात मूलद्रव्यांचे प्रमाण सारखेच निघाले. एक पदार्थ हात लावताच उडतो आणि दुसरा शांत बसतो, तेव्हा दोन्ही एकाच घटकांचे कसे असतील, असे म्हणून लीबिग यांनी आधी व्होलर यांच्या मोजमापाला दोष दिला. मोजमाप बरोबरच होते. पुढे दोघे जन्माचे मित्र झाले आणि १८३० मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी या प्रकाराला नाव दिले. रेणूत कोण कोणाशेजारी बसतो, हे सांगितल्याशिवाय पदार्थाचे वर्णन पुरे होत नाही, ही जाणीव त्या भांडणातून पक्की झाली.

उकळताना काय तुटते आणि काय तुटत नाही

इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते. डीएमई उणे २५ अंशांनाच उकळतो, म्हणजे पुण्याच्या कडाक्याच्या थंडीतही तो वायूच असतो. जोडणी बदलल्यामुळे शंभर अंशांहून अधिक फरक पडतो. हा फरक समजण्यासाठी आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. पाणी उकळते तेव्हा पाण्याचे रेणू फुटत नाहीत. वाफेतही तेच रेणू असतात, ते फक्त एकमेकांपासून सुटलेले असतात.

म्हणजे येथे दोन प्रकारची बंधने आहेत. रेणूच्या आत अणूंना जखडून ठेवणारा जो बंध असतो, त्यात दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात; तो सहसंयुज बंध. हा बंध भक्कम असतो आणि चुलीवरच्या आचेने तुटत नाही. दुसरे बंधन रेणू आणि रेणू यांच्यामधील ओढीचे. ते पुष्कळ सैल असते आणि उकळताना तेवढेच सुटते. उकळण्याचे तापमान, म्हणजे उत्कलनांक, या दुसऱ्या ओढीचे माप आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात हवेचा दाब थोडा कमी असल्यामुळे सुमारे ९८ अंशांना. कारण वरून दाबणारी हवा विरळ झाली की रेणूंना निसटणे तेवढे सोपे होते.

ही ओढ कोठून येते? सामाईक ठेवलेली इलेक्ट्रॉनांची जोडी दोन्ही अणूंकडे सारखी असतेच असे नाही. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्यात फार जोरदार आहे, हायड्रोजन दुबळा. त्यांच्या रस्सीखेचीत जोडी ऑक्सिजनकडे सरकते. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार येतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. मात्र रेणूचा आकारही येथे पाहावा लागतो. कार्बन डायऑक्साइडमध्येही रस्सीखेच आहे, परंतु त्याचे तीन अणू एका सरळ रेषेत असल्यामुळे दोन बाजूंच्या ओढी एकमेकींना निष्प्रभ करतात आणि संपूर्ण रेणू ध्रुवीय राहत नाही. पाण्याचा रेणू मात्र १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असतो. तो सरळ असता, तर पाणी आपल्या ओळखीचे राहिलेच नसते.

उन्हाळ्यात पुण्यातील संगम पुलावरून जाताना नाक दाबायला लावणाऱ्या वासात हायड्रोजन सल्फाइडचा मोठा वाटा असतो. त्याच्या रेणूत पाण्यासारखेच दोन हायड्रोजन असतात, ऑक्सिजनच्या जागी गंधक असते आणि रेणूही वाकलेलाच असतो. तो पाण्याच्या रेणूच्या जवळपास दुप्पट जड आहे. जड रेणू उशिरा उकळतो या साध्या अंदाजाने त्याचा उत्कलनांक पाण्याहून वर असायला हवा. प्रत्यक्षात तो उणे ६० अंश आहे. मुठा नदीतील सांडपाणी सडते तेव्हा पाणी नदीत राहते आणि हायड्रोजन सल्फाइड आपल्या नाकापर्यंत येतो, कारण गंधकाला इलेक्ट्रॉन खेचण्याची ऑक्सिजनची ताकद नाही.

खुंटी आणि आकडा

ऑक्सिजनला जोडलेल्या हायड्रोजनकडील इलेक्ट्रॉन इतके ओढले गेलेले असतात की, तो जवळजवळ उघडा पडलेला धन भार होतो. शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे कोणाशीही न जोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या असतात. उघडा हायड्रोजन त्या जोडीला जाऊन अडकतो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. त्याची ताकद रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकीच असते आणि द्रवात तो सतत सुटत आणि पुन्हा जुळत असतो. परंतु कोट्यवधी रेणू एकाच वेळी असे अडकलेले असले की, एकत्रित परिणाम मोठा होतो.

घरातील भिंत डोळ्यांपुढे आणावी. ऑक्सिजनवरील मोकळी इलेक्ट्रॉन जोडी म्हणजे खुंटी आणि ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन म्हणजे आकडा. (विजेच्या तारेवर टाकतात तो नव्हे, पण अडकण्याची वृत्ती तीच.) पाण्याच्या रेणूकडे दोन खुंट्या आणि दोन आकडे असतात, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो आणि प्रत्येक रेणू चौघांना धरून राहू शकतो. इथेनॉलकडे दोन खुंट्या असल्या तरी आकडा एकच असतो. म्हणून त्याचे रेणू एकमेकांना धरतात, पण पाण्याइतके घट्ट नाही.

डीएमईचा ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसलेला आहे. त्याच्याकडे दोन्ही खुंट्या शाबूत आहेत; मात्र हायड्रोजन सगळे कार्बनांकडे गेले आणि कार्बन-हायड्रोजन बंधातील रस्सीखेच जवळजवळ बरोबरीची असल्यामुळे त्यांचा आकडा होत नाही. भिंतभर खुंट्या आणि अडकवायला एकही पिशवी नाही, अशी त्याची अवस्था असते. म्हणून डीएमईचे रेणू एकमेकांना सैलच धरतात आणि उणे २५ अंशांनाच निसटतात. जवळपास तेवढ्याच वजनाचा, ऑक्सिजन मुळीच नसलेला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. डीएमई वागण्यात इथेनॉलपेक्षा प्रोपेनच्या जवळ आहे, ते यामुळेच.

या चित्राची कसोटी घेता येते. डीएमईच्या खुंट्या खऱ्या असतील, तर आकडे घेऊन येणारे पाणी त्यांना लागू पडले पाहिजे. तसे होते: एका लिटर पाण्यात खोलीच्या तापमानाला सुमारे ७० ग्रॅम डीएमई विरघळतो. प्रोपेन मात्र नाममात्रच विरघळतो.

इथेनॉल पेट्रोलमध्ये आणि पाण्यातही कसे मिसळते?

पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या शेकडो संयुगांचे मिश्रण आहे. त्यात खुंटीही नाही आणि आकडाही नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून बसतात, पेट्रोलच्या रेणूंना त्या गटात जागा मिळत नाही आणि दोन द्रव वेगळे राहतात. इथेनॉलचा रेणू मात्र दुतोंडी आहे. त्याचे कार्बनचे टोक पेट्रोलसारखे आणि ऑक्सिजनचे टोक पाण्यासारखे असते. त्यामुळे ते दोन्हीकडे खपते. पण दोघे समोर आले की पाण्याकडे झुकते, कारण तेथे खुंट्या आणि आकडे दोन्ही भरपूर असतात. ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले, तर १०० मिलिलिटर भरत नाही, ९६ ते ९७ च्या आसपास भरते. एवढे ते दोघे जवळ येतात.

आता शेजाऱ्यांच्या बाटलीकडे पाहू. जुन्या टाकीचे झाकण सैल होते आणि तीन आठवड्यांच्या पावसात थोडे थोडे पाणी आत गेले. पाणी अगदी थोडे असेल, तोवर इथेनॉल त्याला पेट्रोलमध्ये सामावून घेते. निव्वळ पेट्रोलमध्ये हे थेंब लगेच तळाशी बसले असते, हे इथेनॉलच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, किंवा रात्री गारठा पडून ती मर्यादा खाली आली, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि जड असल्यामुळे तळाशी जातात. टाकीतून इंधन जाते ते तळाकडून. स्कूटरच्या इंजिनाला पेट्रोलऐवजी हा तळाचा थर मिळत होता. वर उरलेले पेट्रोलही आता मूळचे राहिले नव्हते, कारण त्यातील इथेनॉल निघून गेले होते. (पेट्रोलचे असले प्रयोग कोणीही घरी करू नयेत, गॅरेजवाल्यानेही ते रस्त्यावर, विडी विझवून केले.)

पाण्याशी असलेली ही जवळीक साखर कारखान्यांनाही छळते. मळी किंवा उसाचा रस आंबवून मिळालेले इथेनॉल कितीही वेळा ऊर्ध्वपातित केले, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड केली, तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपाशी गाडी अडते. त्या प्रमाणात पाणी आणि इथेनॉल मिळून एकाच पदार्थासारखे उकळतात. टाकीत ओतायचे इथेनॉल तर जवळजवळ कोरडे हवे. मग उष्णता बाजूला ठेवून रेणूच्या आकाराचा फायदा घेतात. झिओलाइट नावाच्या खनिजांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. मिलिमीटरचा एक कोटीवा भाग हे माप मानले, तर पाण्याचा रेणू सुमारे २.८ मापांचा असतो, इथेनॉलचा सुमारे ४.४ आणि चाळणीचे छिद्र ३ मापांचे. पाणी छिद्रात शिरून अडकते आणि इथेनॉल बाहेरून निघून जाते. रवा चाळताना बारीक पीठ खाली पडते त्यातलाच हा प्रकार, फक्त येथे बारीक तेच टाकून द्यायचे असते. पुण्याजवळच्या मांजरी गावातील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्राज इंडस्ट्रीजसारख्या पुण्याच्या कंपन्या इथेनॉलचे कारखाने उभारून देतात. त्यामुळे ही चाळणी पुण्याला नवी नाही.

ॲव्हरेज खरेच घटते का?

घटते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. जळणे म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांचे ऑक्सिजनशी जोडले जाणे. ‘बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि ते तुटले की बाहेर पडते,’ असे पुष्कळदा लिहिले जाते, ते उलटे आहे. बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. नवे, अधिक भक्कम बंध जुळताना ती परत मिळते, आणि जमा खर्चाहून जास्त असते म्हणून ज्वाला गरम असते. पेट्रोलमधील कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी अजून जोडलेले नसतात, त्यामुळे जमेची बाजू पूर्ण मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनचे दोन बंध आधीच जुळून गेलेले आहेत. त्यांची कमाई मागेच होऊन गेली.

शिवाय इथेनॉलच्या वजनातील सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनचा आहे. ऑक्सिजन हवेत फुकट मिळतो. सिंहगडावर पाण्याची सोय असताना पायथ्यापासून भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढावे, तसे हे आहे. परिणामी एका लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा मिळते आणि एका लिटर इथेनॉलमधून सुमारे २१, म्हणजे दोन-तृतीयांश. पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळले की, लिटरमागील ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के घट गृहीत धरलेली आहे. निम्मे ॲव्हरेज गेल्याची तक्रार मात्र रसायनशास्त्राच्या हिशेबात बसत नाही. अशा वेळी टायरमधील हवा, कार्बोरेटर किंवा पंपाचे माप तपासलेले बरे.

मग इथेनॉलचा फायदा सांगतात तो कोणता?

येथे एक उलटसुलट गंमत आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधन दाबले गेल्यावर ठिणगी पडेपर्यंत ते थांबले पाहिजे. आधीच पेटले, तर इंजिन ठोके देते. हे थांबण्याचे सामर्थ्य ऑक्टेन क्रमांकाने मोजतात, आणि तेही रचनेवरच ठरते: सात कार्बनांच्या सरळ साखळीच्या हेप्टेनला शून्य गुण, तर फांद्या फुटलेल्या आयसोऑक्टेनला १००. साध्या पेट्रोलला ९१ च्या आसपास गुण मिळतात आणि निव्वळ इथेनॉलला सुमारे १०८.

डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते; तेथे दाबल्याबरोबर पेटणारे इंधन हवे असते आणि त्याचे माप सीटेन क्रमांक. भारतातील डिझेलला तो किमान ५१ लागतो. डीएमईचा ५५ ते ६० भरतो, इथेनॉलचा ८ च्या आसपास. तेच नऊ अणू एका जोडणीत पेटण्याची घाई करतात आणि दुसऱ्या जोडणीत ठिणगीची वाट पाहतात. कारण स्थूलमानाने असे: तापलेल्या इथेनॉलमधून ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवरील एक हायड्रोजन निघाला की, उरलेला भाग हवेतील ऑक्सिजनला आणखी एक हायड्रोजन देऊन टाकतो आणि स्वतः ॲसिटाल्डिहाइड होऊन शांत होतो, साखळी तेथे मंदावते. डीएमईचा उरलेला भाग मात्र ऑक्सिजनला आपल्याला चिकटवून घेतो, आतल्या आत फेरजुळणी करतो आणि एका तुकड्याचे अनेक क्रियाशील तुकडे करून सोडतो. शिवाय डीएमईत कार्बन-कार्बन बंध एकही नाही, त्यामुळे काजळी जवळजवळ होत नाही.

इथेनॉलचे रेणू आकड्याने एकमेकांत अडकलेले असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. त्याची वाफ व्हायला किलोमागे सुमारे ८४० किलोजूल लागतात, पेट्रोलला सुमारे ३५०. हातावर सॅनिटायझर चोळल्यावर गार वाटते ते याच कारणाने. इंजिनात आत येणारी हवा अशी गार झाल्याने ठोके आणखी टळतात. पण डिसेंबरच्या पहाटे थंड गाडी चालू करताना तीच गोष्ट आडवी येते.

रबर कशाने फुगते?

ज्याचा स्वभाव ज्याच्याशी जुळतो, ते त्यात शिरते. जुन्या गाड्यांतील नळ्या आणि वॉशर पेट्रोलला दाद न देणाऱ्या रबराचे होते. इथेनॉलचे ध्रुवीय टोक त्यांच्या हिशेबात धरलेले नव्हते. लहान, ध्रुवीय रेणू अशा रबराच्या साखळ्यांमध्ये घुसतो, रबर फुगते, मऊ पडते आणि सुकल्यावर चिरते. इथेनॉलला सोसणारे रबर बाजारात आहे आणि नव्या गाड्यांत तेच असते. जुनी गाडी असणाऱ्यांनी नळ्या आणि वॉशर बदलून घेणे हा खर्च आहे, पण इंजिन बदलण्याइतका नाही. धातू गंजण्याची भीती इथेनॉलपेक्षा त्याने सोबत आणलेल्या पाण्याची अधिक आहे.

मिथेनॉल आणि उसाचे ‘नैसर्गिक’ इथेनॉल

इथेनॉलमधून एक कार्बन आणि दोन हायड्रोजन काढले की मिथेनॉल उरते. दिसायला तसेच, वासाला जवळपास तसेच, पाण्यात तितकेच मिसळणारे. शरीरातील तेच विकर (एन्झाइम) दोघांवर काम करते. इथेनॉलपासून अखेर ॲसिटिक आम्ल बनते, जे व्हिनेगरमध्ये असते. मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल बनते, जे डोळ्यांच्या मज्जातंतूंना इजा करते आणि जीव घेते. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी गेले, ते याच एका कार्बनच्या फरकामुळे.

उसाचे इथेनॉल नैसर्गिक म्हणून सौम्य आणि कारखान्यात खनिज तेलापासून केलेले रासायनिक म्हणून कडक, असेही काही जण म्हणतात. शुद्ध इथेनॉलचा रेणू कोठूनही आला तरी एकच असतो आणि सारखाच वागतो.

आणि सिलिंडरमधील भाऊ?

एनसीएलमध्ये डीएमई मिथेनॉलपासून बनवला जातो: मिथेनॉलच्या दोन रेणूंतून पाण्याचा एक रेणू काढून घेतला की, उरलेले दोन भाग एका ऑक्सिजनवर जोडले जातात. तेथे दिवसाला २० ते २४ किलो डीएमई तयार करणारा प्रायोगिक प्रकल्प उभारला गेला आणि डीएमई व एलपीजी यांच्या मिश्रणावर चालणारी शेगडीही बनवली गेली. रेणूत आकडे नसल्यामुळे डीएमई वायू असतो, आणि खोलीच्या तापमानाला सुमारे पाच वातावरणांच्या दाबाखाली द्रव होतो, जवळपास एलपीजीसारखाच. म्हणून तेच सिलिंडर चालते. अडचणीही ओळखीच्याच आहेत. ऑक्सिजन आधीच आत असल्यामुळे किलोमागे मिळणारी उष्णता एलपीजीच्या सुमारे ६० टक्के, आणि खुंट्या असल्यामुळे नेहमीच्या रबरी सीलना त्याचा त्रास होतो. शेगडीची घडण बदलावी लागते ती त्यामुळे.

हे सगळे ऐकून शेजाऱ्यांनी एकच शंका काढली: अणू तेच असतील, तर सिलिंडरमध्ये पडल्या पडल्या डीएमईची दारू होणार नाही का? ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले, तर इथेनॉल ही अधिक स्थिर जोडणी आहे. वायुरूपात दोघांत मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक मोठी संख्या) सुमारे ५० किलोजूलांचा फरक आहे, त्यामुळे उतार त्याच दिशेला आहे. परंतु त्या उतारापर्यंत पोहोचण्यासाठी आधी कार्बन-ऑक्सिजन बंध तोडावा लागेल आणि त्याला मोलमागे सुमारे ३५० किलोजूल लागतात. ओट्याखाली ठेवलेल्या सिलिंडरला ते कोठून मिळणार? ‘‘म्हणजे नाहीच,’’ असे म्हणून त्यांनी स्कूटरची नवी नळी बसवून घेतली आणि टाकीचे झाकणही बदलले.